द्वारकामावशींचा खोकला

द्वारकामावशींना खोकला बोलावला की यायचा. वर्गणीवाले आले की कोरडा, चाळीचा मालक आला की ओला, आणि दवाखान्याची पायरी चढताना तर असा काही खोल, की पुढच्या चार बायका आपण होऊन बाजूला सरायच्या.

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत त्या एकट्याच राहत. यजमान कल्याणला रेल्वेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा नागपूरला. पण चाळीत कुणी नुसतं शिंकलं तरी मावशी पदर खोचून दारात हजर! "चल, बाटली घे!"

बाटली घरचीच न्यावी लागे. नगरपालिकेच्या दवाखान्यात औषध फुकट, बाटली ज्याची त्याची. कंपाउंडर विचारायचा, "पोट की छाती?" पोटाला पांढरं, छातीला गुलाबी. तिसरा अवयव बायकांना नव्हताच. डॉक्टर भला माणूस, पण मान वर करायला त्याला सवड कुठली? टेबलापासून हातभर अंतरावर रांग सुरू व्हायची, त्यामुळे पुढच्याचं दुखणं मागच्या दहाजणांना पाठ. मग बायका, काहीही होत असलं तरी, सांगत "खोकला." गुलाबी औषध घेऊन परत.

"खोकला हे घरंदाज दुखणं आहे गं," मावशी म्हणायच्या. "चारचौघांत काढता येतं."

मी तेव्हा नवी नवरी, आणि मॅट्रिक! म्हणजे माझ्या मते अर्धी डॉक्टर. मावशींचा खोकला ऐकून मी त्यांना कोंदट हवेवर व्याख्यान दिलं, वर अडुळशाचा काढा करून दिला. त्यांनी तो मुकाट्याने घेतला. पुढे कळलं, त्या काढ्याला त्यांनी 'सुमीचं पाप' असं नाव ठेवलं होतं.

अशात स्टेशनजवळच्या आळीत एका डॉक्टरीणबाईंनी दवाखाना थाटला. ठाण्याहून रोज यायच्या. पाठीवर लांब शेपटा, वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त. खोलीला दार, दाराला आतून कडी, बाहेर एक लांब बाक. बाक कायम रिकामा. लोक म्हणत, "पोरसवदा बाई, तिला काय नाडी कळणार? वर पैसे मोजा!" आणि एक दिवस जागेच्या मालकिणीकडून बातमी आली: बाई दिवाळीनंतर जागा सोडणार.

मावशी तिरीमिरीत माझ्याकडे आल्या. "सुमे, रिकाम्या खानावळीत कोणी जेवायला जातं का गं?"

"नाही."

"मग उद्या बाकावर बसायला चल."

"अहो, पण मला काही झालेलं नाही!"

"शिकलेली आहेस ना? सुचेल काहीतरी."

दुसऱ्या दिवशी बाकावर आम्ही तिघी. मावशी, मी आणि आमची मासळीवाली हिराबाई. हिराबाई कुरकुरत होती, "मावशे, माझी पाटी कोन बघंल?"

"पायरीवर ठेव. दिसेल इथून."

आता डोंबिवलीत पायरीवर ताजी कोलंबी ठेवली तर काय होणार? पाच मिनिटांत गिऱ्हाईक! हिराबाई बसल्या जागेवरून भाव सांगतेय, मावशी खोल खोल खोकतायत, मी मासळीच्या वासाने नाकाला पदर लावून बसलेली, त्यामुळे सगळ्यांत आजारी मीच दिसत होते. जाणारे-येणारे थबकू लागले. "काय हो, एवढी गर्दी?"

"हातगुण आहे बाईंचा!" मावशींनी खोकता खोकता ठोकून दिलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गर्दी पाहून आधी हरखल्या, मग मासळीची पाटी पाहून चपापल्या. "हे काय?"

"पेशंट," मावशी म्हणाल्या, आणि मला आत ढकललं.

दार लागलं. बाईंनी मान वर करून, सरळ माझ्याकडे बघत विचारलं, "काय होतंय?"

इतकी तयारी करून आलेली मी म्हणाले, "खोकला."

त्यांनी नळी लावून ऐकलं. "छाती ठणठणीत आहे. आता खरं सांगा."

कुणी असं विचारलंच नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, की सकाळी मळमळतं, उलट्या होतात, पित्त फार झालंय, मी माझंच आलं-लिंबू घेतेय महिनाभर.

"पाळी कधी आली होती?"

मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. ही अर्धी डॉक्टर! खोटी पेशंट म्हणून आत गेले आणि पोटुशी होऊन बाहेर आले. मावशींनी ते असं काही आळीभर केलं, की आठवड्यात बाकावर जागा मिळेना. घुंगट घेतलेली मारवाडीण येऊ लागली, आंबिवलीहून गाडीने बायका येऊ लागल्या. सगळ्या आत जाताना खोकत, आणि बाहेर येताना कुणी डोळे पुसत, कुणी हसत. दिवाळी झाली. बाईंनी जागा ठेवली.

त्यानंतरच्या एका दुपारी मावशी धुवट लुगडं नेसून आल्या. "चल माझ्याबरोबर. तू बाहेर बस."

मला वाटलं, पुन्हा काहीतरी नाटक. त्या आत गेल्या, कडी लागली. मी कान देऊन बसले. एकदाही खोकल्या नाहीत. बाकावरच्या बायका चुळबुळू लागल्या तरी दार उघडेना. बाहेर आल्या त्या माझ्याकडे न बघताच चालू लागल्या.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी आली, धडधडत, लांबच लांब. त्या आवाजात मावशी माझ्या कानाशी आल्या. "धाकटी जन्मून गेली ना माझी, त्या बाळंतपणापासून अंग बाहेर येतं गं. बसवत नाही, उचलवत नाही. त्या रांगेत, पोराच्या वयाच्या डॉक्टरला काय सांगू? गुलाबी औषध प्याले इतकी वर्षं."

मालगाडीच्या वाघिणीमागून वाघिणी चालल्या होत्या.

"ऑपरेशनने बरं होतं म्हणाली. ठाण्याला. सोबत घरचं कोण येईल, असं विचारलं तिने." त्या रुळांकडे बघत राहिल्या. "मी तुझं नाव सांगून आले. तुला न विचारता. तू ही अशी दोन जिवांची... चालेल ना गं?"

गाडी गेली. एकदम शांत झालं. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी घट्ट आवळला, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या. फाटक कधी उघडलं कळलंच नाही.

"ओ बाई," मागून टांगेवाला ओरडला, "जायचंय का नाही पलीकडं?"

"जायचंय," मी म्हणाले. "थांब जरा. एकत्र जातोय."