मागच्या दाराने उतरायची गाडी

दुपारच्या शांततेत 'टिण' असा आवाज झाला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेला हूक निखळून किल्ली फरशीवर पडली होती. पलंगावर टिल्लीने नुसती कूस बदलली. तिच्या आईने मात्र हातातला फडका तसाच धरून श्वास रोखला. टिल्ली उठली असती तर घटकाभराची मिळालेली उसंत गेलीच असती.

जुन्या गाडीची किल्ली त्याच जागी वर्षानुवर्षं मुकाट लटकायची. नवी आली आणि भिंत हूक धरीना. किल्लीचंच वजन एवढं, तर गाडीचं काय सांगावं. घरात तिला नुसतं 'गाडी' म्हणायचं असा नवऱ्याचा दंडक होता, पण तो ऑफिसला गेला की ही तिला रणगाडा म्हणायची. जुनी लहानशी गाडी, जिला सगळे लाडाने डबी म्हणत, ती विकून हा रणगाडा दारात आला होता. डबी पेट्रोलच्या नुसत्या वासावर चालायची. रणगाडा मात्र पंप दिसला की आपोआप तिकडे वळतो की काय, अशी तिला शंका होती. म्हणून नवराही तो ऑफिसला दिसण्यापुरता, आठवड्यातून एखादाच दिवस न्यायचा.

नवरा लिफ्ट विकणाऱ्या कंपनीत होता. लोकांना वर नेण्याचा धंदा करणाऱ्याने रस्त्यावर सगळ्यांत खाली बसून जाणं शोभत नाही, असं त्याचं म्हणणं. शिवाय लवकरच विभागप्रमुखाची जागा भरायची होती, नाव साहेब सुचवणार होते, आणि साहेबांनी अगदी हीच गाडी, याच रंगाची, नुकती घेतली होती. "माणूस खुर्चीत बसायच्या आधी त्या खुर्चीचा दिसला पाहिजे," असं म्हणून त्याने कर्जाच्या कागदावर सही केली. टिल्लीचा पोहण्याचा वर्ग त्याच महिन्यात बंद झाला. पाणी तसंही गारच असतं, असं तो म्हणाला होता, पण म्हणताना टिल्लीकडे बघितलं नव्हतं.

ती किल्ली उचलतेय तोच फोन थरथरला. नवराच होता, आणि आवाज नको इतका गोड होता. साहेबांच्या मॅडम गुडघ्याच्या व्यायामासाठी आपल्या मागच्याच गल्लीत येतात, आज त्यांची गाडी गॅरेजमध्ये आहे, साहेब अडचणीत दिसले, तेव्हा याने सांगून टाकलं होतं की माझी बायको त्यांना घरी घेऊन येईल. संध्याकाळी साहेब माझ्याबरोबर येऊन त्यांना घेऊन जातील.

"कशातून आणू?" तिने विचारलं.

"कशातून म्हणजे? गाडीतून."

"अरे, मी ती गल्लीच्या टोकापलीकडे कधी नेलेली नाही. माझं लायसन्स डबीचं आहे."

"लायसन्सला डबी, रणगाडा असं काही नसतं."

तो शब्द त्याच्याही तोंडात रुळला होता तर.

मग त्याने भराभर सूचना दिल्या. मॅडमना गेटबाहेरच उतरवायचं, काही झालं तरी गाडीसकट आत आणायचं नाही. हप्ता, मायलेज असले विषय निघाले तर हसून सोडून द्यायचे. आणि आत्मविश्वासाने बसायचं, कारण त्या गाडीत बसणारी माणसं आत्मविश्वासाने बसतात.

गेटबाहेर का, हे तिला सांगावं लागलं नाही. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये त्यांना मिळालेली जागा एक खांब आणि एक भिंत यांच्या मधली होती. डबी तिथे ऐसपैस उभी राहायची. रणगाडा आत शिरायचा खरा, पण एकदा शिरला की कुठलंच दार तळहाताच्या रुंदीपलीकडे उघडायचं नाही. म्हणून घरच्यांनी एक रीत पाडली होती. मायलेकींनी गेटबाहेर उतरायचं, नवऱ्याने एकट्याने गाडी लावायची, मग सीटवरून पाय टाकत मागे जायचं आणि डिकीचं दार वर उचलून बाहेर पडायचं. पडल्यावर तो टाय सरळ करून असा उभा राहायचा, जणू सत्कार स्वीकारून व्यासपीठावरून उतरलाय. वॉचमन एव्हाना त्या वेळेला दुसरीकडे तोंड करायला शिकला होता.

टिल्लीला उठवून, तिच्या अर्ध्या झोपेतल्या पायांत चपला अडकवून, तिला घेऊन डिकीतून आत शिरून ती निघाली. रस्ता तोच होता, पण रणगाड्यातून बघताना कोणीतरी धुऊन आटवल्यासारखा दिसत होता. दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या स्कूटर आपल्याकडे बघून पोट आत घेतायत असं तिला वाटलं. समोरून येणारा कुल्फीवाला न सांगताच हातगाडी घेऊन एका दारात शिरला. माणसं वाट देत होती, ती मानाने की जिवाच्या भीतीने, हे काही तिला ठरवता येईना.

दवाखान्याच्या पायरीवर मॅडम काठी टेकून उभ्या होत्या. उंच, पन्नाशी उलटलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गाडीकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि एक सुस्कारा सोडला. मग दाराची कड धरून, आधी काठी, मग एक पाय, मग बऱ्याच वेळाने दुसरा, अशा त्या चढल्या. वाटेत अवाक्षर बोलल्या नाहीत, नुसता डोक्यावरचा दांडा धरून बसल्या. ती मात्र घामाने भिजली. मॅडम घरी जाऊन काय सांगणार? बाईला गाडी चालवता येत नाही, म्हणजे हे विभाग काय चालवणार?

गेट दिसलं तेव्हा तिने देवाचे आभार मानले, पण जरा लवकरच. ब्रेक दाबते न दाबते तोच मागून भोंगा वाजला. आरशात पाण्याचा टँकर मावत नव्हता. तिने खिडकीतून हात काढून, उतरायचंय, उतरायचंय, अशा खुणा केल्या. वॉचमनला वाटलं, आत येऊ का विचारतायत. त्याने शिट्टी फुंकून दोन्ही हातांनी तिला असं आत ओढलं की विमानतळावर नोकरी मिळावी. टँकर पुन्हा ओरडला. ती आत गेली.

आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने तो रणगाडा एका दमात, कुठेही न घासता, खांब आणि भिंत यांच्यामध्ये नेमका बसवला. इंजिन बंद करून तिने अभिमानाने मान वळवली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण तिघीही आत आहोत.

अजून डिकी होती. पण मॅडमना सीटवरून ओलांडून मागे कसं न्यायचं, हे शब्दांत मांडायला ती वेळ घेत असतानाच मागची काच अंधारली. पाण्याच्या टाकीचं तोंड त्यांच्याच जागेमागे होतं. टँकर मागे मागे येत डिकीला शेपटी घासेल इतका जवळ थांबला, ड्रायव्हरने नळी टाकीत सोडली, पंप चालू केला आणि चहा प्यायला निघून गेला.

तिने हॉर्न वाजवला. पंपाच्या घरघरीत वॉचमनला एवढंच कळलं की पाण्याची घाई चाललीय. त्याने लांबूनच, येतंय येतंय, असा हात हलवला.

"आपण उतरत का नाही?" मॅडमनी विचारलं.

"उतरूच ना," ती म्हणाली, आणि दार तळहाताएवढं उघडून पुन्हा मिटलं. मग तिने नवऱ्याला फोन लावला आणि कुजबुजत सगळं सांगितलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नवऱ्याचा आवाजच बदलला. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायचा कंपनीचा ठरीव आवाज होता तो.

"घाबरू नका," तो म्हणाला. "दाराला जोर लावू नका. आत पुरेशी हवा आहे. मदत निघाली आहे."

"अरे, मी आहे."

"माहीत आहे. पण मॅडमही आहेत ना. स्पीकरवर ठेव."

तिने नाइलाजाने ठेवला. त्याने सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, शेवटी सहकार्याबद्दल आभार मानले आणि फोन बंद झाला. तिला वाटलं, या घटकेला खांब तरी दुभंगावा. प्रमुखपद गेलं, हप्ता राहिला. मागच्या सीटवरून मात्र एक विचित्र आवाज येत होता. मॅडम तोंडावर पदर धरून हसत होत्या.

"एक वाक्य विसरला तो," त्या म्हणाल्या. "'कृपया उड्या मारू नका.' आमच्या ह्यांनी लिहिलंय ना ते. आरशासमोर उभं राहून पाठ करायचे." मग काठीने पुढची सीट हळूच ठोकून त्यांनी विचारलं, "तुमची मधली सीट पूर्ण आडवी होते का गं? आमची अर्ध्यात अडकते."

"तुम्ही पण मागूनच..."

"तर काय. आमच्याकडे एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला जिना. हे उतरतात मांजरासारखे, मला जमत नाही. गेल्या महिन्यात डिकीतून उडी मारली आणि गुडघा धरला." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "गाडी गॅरेजमध्ये वगैरे काही नाही. मीच तिच्यात चढायचं सोडलंय. दोघांनी मिळून गॅरेजचं ठरवलंय, सांगायला बरं दिसतं म्हणून."

तिला हसू आलं, आणि हसताना डोळेही भरून आले. मग धीर करून तिने विचारलं की एवढा त्रास होता तर घेतलीच कशाला.

"तुमच्या ह्यांच्यामुळे," मॅडम म्हणाल्या. "कॅन्टीनमध्ये हिचीच चौकशी करत हिंडत होते ना ते. ह्यांच्या कानावर गेलं. हाताखालचा माणूस हिच्यातून येणार आणि आपण लहानशा गाडीतून, हे ह्यांना सोसेना."

"पण आमच्या ह्याने चौकशी केली ती साहेबांच्या टेबलावर तिचा फोटो बघून."

"तो फोटो तुम्ही घेताय असं कळल्यावरच मागवला होता ह्यांनी."

पंप घरघरत राहिला. मॅडमनी खिडकीची काच थोडी खाली केली, समोरचा खांब बघितला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की एक गोष्ट सांगू नये, पण सांगते. प्रमुखपदासाठी ह्यांनी दुसऱ्याचं नाव काढून ठेवलंय. उद्या कळवायचंय.

"का?" तिने विचारलं. "काम तर हाच करतो ना सगळं."

"तेच म्हणतात तेही. पण म्हणे, ज्याला असली गाडी परवडते त्याला पगारवाढीची काय घाई. तो दुसरा सायकलवरून येतो."

तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं, गाडी उभी असूनही. नवऱ्याच्या सूचना तिला पाठ होत्या. हसून सोडून द्यायचं. तो सकाळी टाय बांधताना आरशात जसा स्वतःकडे बघतो, तो चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. त्या चेहऱ्यासाठीच तर सगळं चाललं होतं. तिने आरशात पाहिलं. मॅडम तिच्याकडेच बघत होत्या, आणि बाजूला टिल्ली आपल्या चपलेचा पट्टा काढत-लावत ऐकत बसली होती.

"नाही परवडत आम्हाला," ती म्हणाली. "अजिबात नाही. हिचा पोहण्याचा वर्ग बंद केलाय. रविवारी आम्ही गाडीवर कव्हर घालतो आणि चालत जातो. शेजारी म्हणतात, तब्येतीची केवढी काळजी घेता."

मॅडमनी टिल्लीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आम्हालाही नाही परवडत," त्या म्हणाल्या. "आज जेवताना काढते विषय. तुम्हालाही परवडत नाही हे तुझ्या नवऱ्याचं नाव घेऊन सांगितलं तर चालेल? त्याचा तोरा जाईल जरा."

तिने होकाराची मान हलवली.

तेवढ्यात टँकरच्या बाजूच्या फटीतून दोन माणसं दिसली. नवरा आणि साहेब, दोघंही इतक्या चिमुकल्या टॅक्सीतून उतरले होते की गुडघे अजून वाकलेलेच होते. एक रणगाडा इथे अडकला होता, दुसरा सांगण्यापुरता गॅरेजमध्ये होता. साहेब टँकरवाल्याला हाका मारत होते. नवरा त्यांना धीर देत होता की गाडी ऐसपैस आहे सर, आत तिघी आरामात असतील. साहेब म्हणाले, त्या बाबतीत प्रश्नच नाही, गाडी असावी तर अशी. मग दोघांनी एका सुरात आतल्या बाजूला ओरडून सांगितलं की घाबरू नका, दाराला जोर लावू नका.

टँकर घरघरत पुढे सरकला. डिकीच्या काचेतून उजेड आत आला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. उभं राहू दे जरा त्यांना, असं त्या म्हणाल्या, आणि तिलाही घाई करावीशी वाटली नाही.

टिल्लीने चपलेचा पट्टा शेवटी नीट लावला. मग तिने आईकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, काचेबाहेर टाय सरळ करणाऱ्या बाबाकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "मग ही गाडी पहिल्यांदा हवी कोणाला होती?"