ऐन जेवणाच्या वेळची पाहणी

"माणूस थापा मारतो, आकडा मारत नाही!" टक्केबाई हे छातीठोकपणे सांगत. सरकारी पाहणी खात्यात त्यांचा दराराच तसा. कोण किती टक्के कामचुकार, हे त्या नुसत्या चालीवरून ओळखत! म्हणून तर 'कुठल्या वयाला कशाची अ‍ॅलर्जी' ही देशभरची पाहणी त्यांच्या गळ्यात पडली. पार पडली, तर खात्याची मुख्य खुर्ची त्यांची!

बाईंनी युक्ती काढली. "दुपारी गेलात तर दाराला कुलूप. ऐन जेवणाच्या वेळी जा. आजोबांपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे एका टेबलाशी सापडतील!"

सापडले की! अहवालाच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी आलेख काढला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. दहाच्या आतल्या निम्म्या पोरांना पालकाच्या भाजीची अ‍ॅलर्जी. चाळिशीच्या नवऱ्यांना कालच्या भाजीची. आणि सत्तरीपुढे तर साथच आलेली: अळणी सूप!

खात्याचे डॉक्टर चष्मा पुसून म्हणाले, "अहो बाई, मीठ नसण्याची अ‍ॅलर्जी? जे घातलंच नाही, ते बाधेल कसं?"

बाई तणतणत घरी आल्या. सासूबाई तोंड वाकडं करून सूप ढवळत होत्या.

"आई, आमचा माणूस तुमच्याकडेही आला होता ना? काय सांगितलंत?"

"सूप बाधतं म्हणून!"

"बाधतं?"

"अगं, पुढ्यात वाडगा, डोक्यावर माझा लेक पळी घेऊन उभा, आणि हा विचारतो, काय खाल्लेलं चालत नाही? म्हटलं, देवच पावला!"

"आणि खाल्ल्यावर काय होतं, ते नाही विचारलं?"

"विचारलं की. अंगावर काही उठतं का, म्हणे. म्हटलं, मीच उठते, टेबलावरून!"

बाईंनी सासूबाईंना मिठीच मारली. चाळणी सापडली होती! ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, ते एकीकडे. ज्यांना नुसता कंटाळा येतो, ते दुसरीकडे.

सकाळी सभेत बाईंनी दोन आलेख लावले. पहिला खऱ्या अ‍ॅलर्जीचा: तान्ह्यांना दूध आणि अंडं, त्यातली बरीचशी शाळेत जाईपर्यंत सुटलेली; मोठ्यांत कोळंबी. डॉक्टरांनी मान डोलावली. दुसऱ्याचं नाव 'राष्ट्रीय कुरकुर, वयानुसार'. सभागृहात हशा पिकला! निवृत्तीला टेकलेले संचालक तर उभेच राहिले. "सुपासाठी सत्तरीची वाट कशाला? मला आत्ताच आहे!"

टाळ्या! हार! आणि खुर्ची!

बाई विजयी मुद्रेनं घरी आल्या, पदर खोचला आणि गरजल्या, "आज स्वयंपाक माझ्या हातचा!"

धाकट्यानं मान खाजवायला सुरुवात केली. मग नवऱ्यानं कोपर. सासूबाईंनी तर दोन्ही हातांनी.

एकही वयोगट सुटला नाही!