जिनिंगच्या पूर्वतटावरील अकरा गोवऱ्यांची हकीकत

वडवणीकडच्या सडकेला लागून कसब्याबाहेर जुनी जिनिंगची इमारत उभी आहे, तिच्या पूर्वतटावर लढाई कावून झाली, असे धाकटी मंडळी विचारू लागली. सबब जे घडले ते, पदरचे काही न घालता, लिहून ठेविले.

इमारत निजामशाहीत कोणा कापूसवाल्या शेठने बांधिली. काळ्या दगडाचे जोते, विटांचे तट, वर पत्र्याचे छत. मग निजामशाही गेली, शेठही गेला आणि सहकारी संस्थेची अंमलदारी आली, आणि अध्यक्ष बहुत जाहले व कापूस थोडा जाहला, आणि अखेर यंत्रे गंजून आत पारव्यांनी ठाणे बसविले. मग लागोपाठ दोन साले पाऊस पडला नाही, तेव्हा विद्यमान अध्यक्ष श्रीमंत राधाकिशनराव यांनी आवारात चारा छावणी बसविली आणि चारशे जनावरांची फौज दावणीला दाखल जाहली.

या ठाण्याचे पहारेकरी धुळाजी. त्यांचे कुटुंब भिवराबाई याच जिनिंगमध्ये कामास होती, आणि यंत्राने तिच्या उजव्या हाताची करंगळी कायमची वाकडी केली, आणि संस्थेने सभा भरवून तिला नारळ दिला. त्या वाकड्या करंगळीनिशी तिने पुढे जन्मभर पूर्वतटावर गोवऱ्या थापिल्या. गेल्या सालच्या पौषात अकरा थापिल्या, त्या शेवटच्या. वाळल्यावर हुकूम सोडला, "काढून आणा की. का त्या चालत येणार हायत घरी?" धुळाजी "आणतो" म्हणाले आणि तीन दिवस टाळले. चौथ्या दिवशी तिला ताप चढला आणि आठवड्यात ती गेली.

मग हुकूम करणारे कोणी राहिले नाही आणि गोवऱ्यांस धुळाजींचा हात लागेना. रोज संध्याकाळी तटापाशी उभे राहावे, वाकड्या करंगळीचा ठसा पाहावा आणि कुलूप लावावे, हा दस्तूर पडला. पाऊस नव्हता म्हणून ठसे राहिले. दुष्काळाने अवघ्या मुलखात राखले ते एवढेच.

ऐशात खलिता आला की छावणी तपासण्यास बीडहून मोठे साहेब येत आहेत. राधाकिशनरावांनी तत्काळ फर्मान काढिले की पूर्वतट सडकेवरून दिसतो, सबब खरवडून चुना मारावा. कामगिरी रंगारी मुंजाजी यांजकडे, उद्या सकाळी नवाला. धुळाजी अर्ज घेऊन गेले.

"बाकी समदी भिंत रंगवा, अध्यक्षसाहेब. तेवढा तुकडा सोडा."

"साहेबाला काय दावू मग? शेण?"

"चारशे जनावरं बांधलीत. दुसरं काय दावणार?"

अर्ज नामंजूर जाहला.

धुळाजी परतले ते दावणीपाशी खाली मान घालून बसले. छावणीतल्या बायकांच्या सरदार सिंधुबाई, मुंजाजी रंगाऱ्याच्या मातोश्री आणि भिवराबाईच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी हकीकत ऐकिली आणि पदर खोचिला.

"भावजी, उठा. सकाळी पाटी घेऊन या. भिवरानं तुमाला जन्मभर शेणाला हात लावू दिला न्हाई, तिचं लई चुकलंच."

त्यांची मसलत ऐसी की, या मुलखाचा रिवाज आहे: ज्या बाईच्या हाताचा ठसा, तिची गोवरी, आणि ओल्या गोवरीस धनिणीवाचून कोणी हात लावू नये, लाविल्यास तिच्या तोंडी कोणाचा बाप वाचत नाही.

मग दिस उगवताच छावणीतल्या अवघ्या बाया पाट्या घेऊन चालून गेल्या आणि जोत्यापासून हात पुरेल तेथवर तट थापून काढिला, आणि मध्ये त्या अकरा वाळल्या गोवऱ्या राण्यांसारख्या राखिल्या. धुळाजींनीही चार थापिल्या. पैकी तीन पायावर पडल्या. "भावजी, भाकरी बी अशीच थापता का?" असे एकीने विचारिले, तेव्हा धुळाजी वर्षाने हसले.

नवाला मुंजाजी खरवडणी आणि चुन्याची बादली घेऊन आले, मागे स्वतः राधाकिशनराव. मुंजाजींनी पहिल्या ओल्या गोवरीस खरवडणी लाविली आणि हात जागीच थांबला. तो ठसा बाळपणी अनेक वेळा गालावर उमटला असल्याने त्यांनी ओळखिला.

"अध्यक्षसाहेब, ही आईची हाय."

"मग दुसरी काढ."

"ती मावशीची हाय. तुमच्या घरच्या भाकरी करायला येती ती."

अध्यक्षांनी तटाकडे पाहिले, रांगेने उभ्या बायांकडे पाहिले आणि त्यांत आपली स्वयंपाकीण कंबरेवर हात ठेवून उभी पाहिली. दोन प्रहरच्या जेवणाचा विचार त्यांच्या मनी आला. इतक्यात धुरळा उडवीत साहेबांची जीप आली.

साहेब उतरले, नाकाला रुमाल लाविला आणि हे काय म्हणून पुसिले. राधाकिशनराव थोर मुत्सद्दी, क्षणही न दवडता उत्तरले, "साहेब, ही आपल्या संस्थेची जळण योजना. शेण वाया जाऊ देत न्हाई." साहेब प्रसन्न जाहले आणि तपासणीच्या कागदावर लिहिले की योजना स्तुत्य असून भिंत आहे तशी राखावी. शिक्का बसला. अध्यक्षांनी योजनेचे नाव बापाच्या नावे ठेवण्याचा ठराव त्याच दिवशी केला. बायांनी हरकत घेतली नाही. तट राहिला होता.

जीप गेली तेव्हा ऊन चढले होते आणि बाया दमून जोत्यावर बसल्या होत्या. चहा ठेवावा तर जळण नाही. हाती थापिलेले अवघे ओले. धुळाजी उठले. तटापाशी गेले, अकरांतल्या कडेच्या गोवरीवर तळवा ठेविला, वाकड्या करंगळीपाशी अंमळ थांबले आणि गोवरी अलगद सोडवून आणिली.

"भावजी, ती कावून काढली?" सिंधुबाईंनी पुसिले.

"आणतो म्हणून सांगितलं होतं तिला."

चूल पेटली आणि सर्वांस चहा पोचला. येणेप्रमाणे पूर्वतट फत्ते जाहला. कैलासवासी भिवराबाई यांचा हुकूम वर्षाच्या उशिराने तामील जाहला, बाकी गोवऱ्या दहा.