वाटेतली घट

आमच्या शेजारचे व्यंकटराव साधा नमस्कारसुद्धा जसा आला तसा घेत नाहीत. समोरच्या गल्लीतून कुणी अर्धा हात वर केला, की हे कंबरेत वाकून दोन्ही हातांनी तो परत करतात. मी एकदा विचारलं, त्या माणसाने बहुतेक डास हाकलला होता, तुम्ही एवढे वाकलात कशाला? तर म्हणाले, "माधवराव, तेवढ्या लांबून आलाय. वाटेतली घट धराय नको का?"

हे 'घट धरणं' आमच्या नांदेडच्या मोंढ्यातलं, धान्याच्या बाजारातलं. ओला माल वाळल्यावर वजनात जेवढा कमी भरतो, ती घट. पण मी ओळखतो तेव्हापासून व्यंकटरावांचा मोंढ्याशी काही संबंध नाही. लातूरला भूकंप मोजण्याच्या केंद्रात त्यांनी नोकरी काढली. यंत्राच्या फिरत्या नळकांड्यावरचा कागद रोज बदलायचा, रेघा बघायच्या आणि साहेबांपुढे ठेवायच्या. जगात कुठेही जमीन जोरात हादरली की तिची खबर त्या कागदावर यायची. "तिकडं जपानात घरं पडून राहिलीत, आन माझ्या कागदावर मुंगी चालल्यागत रेघ. मुंगी बघून हत्ती वळखायचा, ही आपली नोकरी," असं ते अजून छाती काढून सांगतात.

हत्तीची मुंगी वाटेत होते कशी, ते मला कळेना. म्हणून एका सकाळी त्यांनी मला थेट स्वयंपाकघरात नेलं. वहिनी पोळ्या करायच्या तयारीत होत्या. यांनी रिकाम्या तव्यावर उलथनं हाणलं, तवा खणखणला. मग वहिनींनी मळून ठेवलेल्या कणकेत गुद्दा मारला. आवाज नाही, काही नाही. "कणकेनं गिळला," ते म्हणाले. जमिनीच्या खोल पोटातला दगड असतो दगडच, पण तापलेला, जरासा कणकेच्या वळणाचा. धक्का त्यातून निघाला की थोडा पसरून पातळ होतो आणि थोडा तो दगड गिळून घेतो, त्याची नुसती ऊब होते. बारीक थरथर आधी मरते, लांबलचक हेलकावे तेवढे तग धरून पुढे येतात. म्हणून मूळ धक्का केवढा होता हे सांगायचं, तर वाटेत गिळलेलं परत मिळवून धरावं लागतं. मला हे फार आवडलं. वहिनींना आवडलं नाही, त्यांनी ती कणीक पुन्हा मळली.

पंचाईत अशी की निवृत्त झाल्यावर व्यंकटरावांना मोजायला धक्के उरले नाहीत, म्हणून ते माणसं मोजू लागले. माझ्या मुलीला बघायला उदगीरहून पाहुणे आले होते. आठ दिवसांनी तीन जणांमार्फत निरोप आला, मुलगी बरी आहे. व्यंकटरावांनी तिघांची घट धरली, तिकडे लोक पोरीवर वेडे झालेत असा निष्कर्ष काढला आणि माझ्या आधी मंगल कार्यालयवाल्याकडे तारखा विचारून आले. तो निरोप नकाराचा होता. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. माझ्या त्या रागाचीही त्यांनी घट धरली असावी, कारण तिसऱ्या दिवशी ते माफी मागायला आले ते किलोभर पेढे घेऊन.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी ओट्यावर बसून आक्काशी फोनवर बोललो. आक्का माझी थोरली बहीण, इस्लापूरला एकटीच राहते. मी फोन ठेवला तेव्हा व्यंकटराव कुंपणाशी उभे होते. काय म्हणाल्या, त्यांनी विचारलं. बरी आहे म्हणाली, जरा कणकण आहे, मी सांगितलं.

"मग निघा की."

रविवारी जाईन, मी म्हणालो. ते फाटक उघडून आत आले आणि आजच जा म्हणून हटून बसले. मला उदगीर आठवलं. मी चिडून म्हणालो, माणूस म्हणजे तुमचा कागद नाही, आता तिच्या कणकणीलासुद्धा घट धरायची का?

ते पायरीवर बसले. मग त्यांनी जे सांगितलं, ते इतक्या वर्षांच्या शेजारात कधी सांगितलं नव्हतं. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी ते इथे नांदेडलाच होते, मोंढ्यात एका आडत दुकानात कामाला. बहीण औशाकडच्या एका खेड्यात दिलेली. पहाटे यांची बाज जराशी हलली.

"बायको म्हनली, काय झालं? मी म्हनलं, ट्रक गेला आसंल. आन कूस बदलून झोपलो, माधवराव."

बहीण ढिगाऱ्याखाली सापडली ती तिसऱ्या दिवशी. लातूरची नोकरी त्यांनी त्यानंतर धरली होती. मला माझ्या बोलण्याची लाज वाटली. मी दुपारची एसटी पकडली.

आक्काला कणकण नव्हती. चार दिवसांचा ताप होता आणि दोन दिवस घरात काही शिजलं नव्हतं. मी तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावून घरी आणलं, पेज करून पाजली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटरावांचा फोन आला. काळजी करू नका, आता बरी आहे, मी म्हणालो. ते "हाव" म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. चला, माझं बोलणं एकदाचं पटलं, असं मला वाटलं.

दुपारी व्यंकटराव दारात. हातात वहिनींचा डबा, अंगावर भोकर-हिमायतनगरची धूळ. कशाला आलात, हे विचारायची सोयच नव्हती. माझ्या 'बरी आहे'ची घट धरूनच ते आले होते. आक्काने त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. ते तिच्या बाजेशेजारी जमिनीवर बसले.

"कसं वाटून राहिलं आता, आक्का?"

"बरं हाय, दादा," आक्का म्हणाली.

व्यंकटरावांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग मान डोलावली, उपरण्याने डोळे पुसले आणि डबा उघडायला घेतला. कुणाचं 'बरं हाय' त्यांनी जसं आलं तसं घेतलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.