वल्लरीची लिफ्ट, माझं जहाज

वल्लरीच्या शाळेचं पत्र आलं, तेव्हा मी फक्त 'थोडी मदत' करायचं ठरवलं. (माझ्या आजवरच्या सगळ्या फजित्या याच दोन शब्दांनी सुरू झाल्यात. विचारा माझ्या बायकोला, प्रणिताला.)

तिसरीतल्या हुशार मुलांसाठी शाळा गणिताचा खास वर्ग काढणार होती. अर्जाबरोबर मुलानं स्वतः केलेलं एखादं काम जोडायचं. आता, चौथीच्या स्कॉलरशिपला मी दोन मार्कांनी हुकलो होतो. ते दोन मार्क तीस वर्षं घशात अडकलेत. पोरगी तरी ते वसूल करेल, असं वाटलं.

वल्लरीनं वही दाखवली. सिंगापुरातल्या आमच्या पासिर रिसच्या इमारतीत सकाळी लिफ्ट कुठल्या मजल्यावर थांबली तर लोकांना कमी ताटकळावं लागेल, याचा तक्ता तिनं चार दिवस खाली उभं राहून केला होता.

"लिफ्टचं काय घेऊन बसलीस! काहीतरी भारदस्त हवं."

"बट दिस इज माइन, बाबा. टीचर सेड ओन वर्क, लाह." (हे 'लाह' म्हणजे इथल्या इंग्रजीचं शेपूट.)

"अरे, तिचं तिला करू दे ना," प्रणिता म्हणाली.

मी ऐकतोय कसला! हार्बरफ्रंटच्या ऑफिसात बारा वर्षं मी जहाजावर कंटेनर रचायचे आराखडेच करतोय. रविवारी पुठ्ठ्याचं जहाज केलं, वर थराथरानं रंगीत कंटेनर, शेजारी ते मोजायचं गणित, खाली वल्लरीचं नाव. (अक्षर मुद्दाम गचाळ काढलं. फारसे कष्ट पडले नाहीत.) इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटोही टाकला, 'आमच्या वल्लरीची करामत!' सत्तेचाळीस अंगठे आले. वल्लरी दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

अर्जाबरोबर जहाज गेलं, आणि दहा दिवसांनी तिच्या गणिताच्या बाईंनी, मिसेस लिमनी, आम्हा तिघांना बोलावलं. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

"जहाज छान आहे," बाई जपून म्हणाल्या, "पण तळाचा थर दोनदा मोजलाय. हिचा पाया कच्चा दिसतो. खास वर्गाचं राहू द्या, बुधवारच्या जादा तासाला बसवू या का?"

वल्लरीनं माझ्याकडे बघितलं. एका वाक्यात सुटली असती. पण कार्टी गप्प. डोळे डबडबलेले, तरी बापाला सांभाळत होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम, ते... मी केलंय."

"सगळं?"

"थर मोजण्यासकट."

प्रणितानं पर्समधून लिफ्टची वही काढली. (घेऊनच आली होती! इतका माझ्यावर विश्वास.) बाईंनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग त्या आणि वल्लरी अर्धा तास लिफ्टवर बोलत बसल्या. मी मांडीवर जहाज घेऊन होतो.

वल्लरीची निवड झाली. ग्रुपवर मी खरं काय ते लिहून टाकलं. नव्वद अंगठे आले.

निवडीच्या पत्राबरोबर आणखी एक कागद होता: 'पालकांसाठी प्राथमिक गणित, दर शनिवारी. इच्छा असल्यास.' माझं नाव बाईंनी आधीच भरलं होतं.

मी कागद चुरगळणार, तेवढ्यात वल्लरीनं माझ्या पाठीवर थोपटलं.

"डोंट वरी, बाबा. मी थोडी मदत करीन."