मोज्यांचा वास

"माझ्या नाकाला कुणी फसवून दाखवावंच!" विमानात चढता चढता ताईंनी सोबत काम करणाऱ्या जोडीदारणीला बजावलं. ताई म्हणजे या विमानातल्या सगळ्यांत जुन्या हवाई सेविका.

पण आज जीव टांगणीला होता! पहिल्याच रांगेत परीक्षक बसले होते. ते 'पास' म्हणाले तर ताई मुख्य सेविका. नाही म्हणाले तर पुन्हा चहाची गाडी ढकलणं! म्हणून साहेबांना उशी हवी का, पाणी हवं का, ही उशी नको तर ती हवी का, असं ताईंचं सारखं चाललं होतं.

विमान वर जाऊन स्थिरावलं आणि ताई थबकल्या.

"वास येतोय!"

"कसला?" जोडीदारीण दचकली.

"मोज्यांचा! कुबट!"

आता तुम्हाआम्हाला मोज्यांचा वास आला की आपण पायांकडे बघतो. विमानातली माणसं इंजिनाकडे बघतात! इंजिनाचं तेल गळून आतल्या हवेत मिसळलं की अगदी तस्साच वास येतो, हे त्यांना सुरुवातीलाच शिकवलेलं असतं. ताईंनी झडप घालून फोन उचलला.

"कप्तानसाहेब, मोजे!"

"अरे बापरे! वाढतोय का?"

"क्षणाक्षणाला!"

कप्तानांनी प्राणवायूचा मुखवटा चढवला आणि जवळच्या विमानतळाकडे विमान वळवलं. प्रवासी कुजबुजायला लागले. जोडीदारीण ओव्हन हुंगून आली, संडास हुंगून आली, एका आजोबांचा डबासुद्धा हुंगून आली. कुठे काही नाही!

"शाब्बास!" परीक्षक मात्र खुशीत होते. सर्दीनं त्यांचं नाक चोंदलं होतं. "मला कसलाच वास येत नाही, पण काय ही तत्परता! तुम्ही पास! आता तेवढं मूळ शोधा."

ताई हुंगत हुंगत खाली वाकल्या आणि गारच पडल्या. साहेबांचे बूट आसनाखाली होते. पाय बुटांबाहेर होते.

सांगावं तर बढती जाते, न सांगावं तर विमान भलत्याच गावी उतरतं! ताईंना अगदी रडू यायला लागलं. तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, उतरवू का?" मुखवट्यातून कप्तानांचा घोगरा आवाज आला.

"नका, साहेब," ताईंनी डोळे मिटून घेतले. "इंजिन ठणठणीत आहे. परीक्षकसाहेबांनी... बूट काढलेत."

पलीकडून हसू दाबणारं खोकणं ऐकू आलं. मग विमान परत वळलं. परीक्षकांनी घाईघाईनं बूट चढवले. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"परीक्षा पुन्हा द्यावी लागेल," ते म्हणाले.

"खरं बोलले म्हणून?" ताईंचा आवाज चढला.

"छे! त्याचे पूर्ण गुण. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा, बाई! वास हातभर अंतरावर आणि तुम्ही अख्खं विमान वळवलंत! पुढच्या महिन्यात बघू." मग इकडेतिकडे बघत ते हळूच म्हणाले, "तोवर मी मोजे बदलतो."