भोसरीच्या नाक्यावर ज्योतीरामरावांची अब्रू राहिली त्याची हकीकत

श्रीमाउलींचे चरणी मस्तक ठेवोन, ऐकणारांस दंडवत करोन, कासारवाडीकर राजमान्य राजेश्री ज्योतीरामराव, चाकण मुलुखी एका कारखान्यातील फिटर, यांणी बिगर हेल्मेट भोसरीचा नाका कैसा सर केला त्याचा करीना लिहितो. अधिक लिहिणे ते पदरचे नाही, उणे लिहिणे ते भयास्तव नाही.

आदितवारी आळंदीस काल्याचे कीर्तन. रावांस टाळ घेऊन उभे राहण्याचा मान, सबब पहाटे तासभर खपोन भगवा फेटा बांधिला. कुटुंब मंजुळाबाई यांणी हेल्मेट पुढे केले. परंतु ते चढवावे तर फेट्याचा चुराडा, आणि फेट्याविना टाळकरी म्हणजे कळसाविना देऊळ, ऐसे बोलोन रावांनी फर्माविले की पोलीसखाते आपलेच आहे, एक फोन केला म्हणजे फौजदार सलाम करील. हा डौल बाई लग्न जाहल्यापासून अकरा वर्षे ऐकत होत्या. प्रचीती एकदाही आली नव्हती. मग बाईंस मागे घेऊन स्वारी मोटारसायकलीवर कूच जाहली.

नाक्यावर हवालदार रविराज खांबाआड दबा धरोन होते. त्यांणी शिट्टी फुंकिली आणि किल्ली काढिली आणि चलनाचे यंत्र उपसले. बाई उतरोन चार पावलांवर रसवंतीचे सावलीस उभ्या राहिल्या, आणि पाहू लागल्या. ते पाहणे रावांस दंडाहून जड जाहले. दंड ओव्हरटाइम करोन भरून निघेल, अब्रू कोणत्या शिफ्टला भरावी, ऐसे मनी आणोन त्यांणी कारखान्यातील सोबती सुजितराव यांस फोन लाविला. कारण सुजितरावांचे साडू याच शहरी बडे फौजदार, ही वार्ता कँटीनमध्ये रोज जेवणाचे वक्ती गाजत असे. सुजितरावांनी अभय दिले की भावा, फोन त्याच्या कानाला लाव. परंतु हवालदार निग्रही. दुसऱ्याचा फोन कानास लावणे नाही, मग पलीकडे प्रत्यक्ष इंद्र का असेना, ऐसा शिरस्ता सांगोन हात मागे बांधिले. मग सुजितरावांनी रावांस तग धरण्यास सांगोन थेट साडूंसच फोन केला.

आणि हवालदारांचे खिशात फोन वाजला.

त्यांणी तो कानास लाविला मात्र, चर्या उतरली. कारण ऐसे की, सासुरवाडीस आपण फौजदार म्हणोन सांगितलेले, आणि त्या नावावर मांडवात पहिल्या पंक्तीचे ताट मिळत आलेले. पलीकडे साडू सुजितराव पुसत होते की भोसरीस कोण उद्धट हवालदार आमचे माणसास अडवितो. तेव्हा रविराजांनी यंत्र काखेस मारिले, छाती काढिली आणि मोकळ्या रस्त्याकडे पाहोन दरडावले, "काय रे, मानसं वळखता येत न्हाईत व्हय तुला? टाळकरी हाय तो."

मग मान घालोन, आवाज बारीक करोन, आपणच उत्तर केले, "चुकलं साहेब."

पुन्हा छाती काढोन गडचिरोलीस बदलीचा धाक घातला, आणि पुन्हा मान घालोन पोरांच्या शाळा इथं हाइत म्हणोन काकुळतीस आले. ते ऐकोन सुजितरावांसच दया उपजली. जाऊ द्या साहेब, गरिबाच्या पोटावर पाय नको, ऐसी त्यांणी हवालदारासाठी रदबदली केली. फौजदारांनी ती मेहेरबान होऊन मान्य केली.

फोन ठेविला. कँटीनमधले बडे फौजदार ते हेच, हे रावांनी ओळखिले. मग दोघां वीरांत हलक्या आवाजात तह जाहला तो ऐसा की, हवालदारांनी किल्ली द्यावी आणि बाईंस दिसेल ऐसा कडक सलाम ठोकावा. रावांनी कारखान्यात फौजदारास फौजदारच म्हणावे. सलाम ठोकिला गेला. राव मिशीस पीळ देऊन गाडीवर बसले.

आळंदीस पोहोचले तो हंडी फुटोन गेलेली. मंडळीतील सरूबाई यांणी उशिराची चौकशी केली, तेव्हा राव फेटा सावरू लागले. परंतु मंजुळाबाई सर्वांदेखत बोलल्या, "वाटंत ह्यांचे फौजदार भेटले. सलाम केला त्यांनी, मी डोळ्यानं बघितलं."

मग रावांचे ओंजळीत काल्याच्या लाह्या घालताना त्यांसच ऐकू जाईल ऐशा बोलल्या, "अहो, उद्यापासून हेल्मेट घाला. त्या बिचाऱ्याला कितीदा दोन दोन आवाज काढायला लावाल?"



येणेप्रमाणे भोसरीचा नाका सर जाहला. दंड नाही, पावती नाही, अब्रू फौजदारांची राहिली आणि रावांचीही राहिली. फत्ते ज्योतीरामरावांचे नावे लिहिली आहे, कारण मंजुळाबाईंनी तैसेच लिहावयास सांगितले.